चेटकिणींबरोबर निघताना

भाचीबाई, टेरी प्रॅचेटचं ‘विचेस अब्रॉड’ वाचायला घेतलंयस असं कळलं, म्हणून हे चार कानमंत्र. यातले निम्मे माझ्या मावशीचे. तिने प्रॅचेटचं नावही ऐकलं नव्हतं. पण गोष्ट सांगण्यात तिचा हात धरणारं आमच्या घराण्यात कुणी झालं नाही, आणि गोष्ट ऐकणाऱ्याने स्वतःला कसं सांभाळावं हेही तिला पक्कं ठाऊक होतं. उरलेले माझे. पटतील तेवढे घे.

आधी हे ऐक, की क्रमाच्या नादी लागू नकोस. डिस्कवर्ल्ड मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत आणि ही त्यातली बारावी, १९९१ सालची. कुणीतरी जाणकार तुला भेटणारच आणि सांगणारच, की १९८३च्या ‘द कलर ऑफ मॅजिक’पासून ओळीने सुरुवात कर. मान डोलव आणि सोडून दे. ते पहिलं पुस्तक म्हणजे तलवारी, जादूगार आणि अर्धनग्न वीरांच्या जुन्या कादंबऱ्यांची टर आहे. त्या कादंबऱ्या वाचलेल्या नसल्या की टर कळत नाही आणि लेखकावर उगाच फुली बसते. एक चपटं जग, ते चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका कासवावर, एवढं माहीत असलं की काम भागतं. हत्ती आणि कासव आपल्याला नवे नाहीतच. हौस असेल तर १९८८चं ‘वियर्ड सिस्टर्स’ आधी वाच, त्यात ‘विचेस अब्रॉड’मधल्या तिघी चेटकिणी पहिल्यांदा एकत्र येतात आणि शेक्सपिअरच्या मॅकबेथची पार उलटापालट करतात. त्याआधीच्या ‘इक्वल राइट्स’मध्ये थोरली चेटकीण भेटते, पण तिथे तिला अजून धार आलेली नाही. ते मागाहून वाचलंस तरी चालेल.

या पुस्तकात प्रकरणं नाहीत. प्रॅचेटला प्रकरणं पाडायला आवडत नसे. मोकळी ओळ सोडून तो एका प्रसंगातून दुसऱ्यात उडी मारतो. त्यामुळे ‘हे प्रकरण संपवून झोपते’ असं म्हणायची सोय नाही. किती वाचायचं ते आधी ठरव, नाहीतर सकाळी डोळे चुरचुरतील. आणि तळटीपा गाळू नकोस. आपल्याला अभ्यासाच्या पुस्तकांनी सवय लावलीय की बारीक अक्षरातलं परीक्षेला येत नाही. इथे निम्मी गंमत खालीच आहे. मोबाइलवर वाचत असशील तर टीपेवर जा आणि परत ये, अशी कसरत करावी लागते आणि विनोद त्या ये-जा करण्यात मरतो. म्हणून जमलं तर कागदी प्रत घे. ऐकायचंच असेल तर नव्या ध्वनिपुस्तकात चेटकिणींच्या कादंबऱ्या इंदिरा वर्मा वाचते आणि तळटीपांसाठी बिल नाय या नटाचा वेगळा आवाज ठेवलाय. तळटीपेला स्वतःचा नट मिळावा, यातच काय ते आलं.

आता महत्त्वाचं. हे पुस्तक उघडण्याआधी दोन संध्याकाळी काढ आणि जुन्या परीकथा वाच. रंगीत चित्रांच्या पातळ पुस्तकातल्या नव्हेत, सिनेमातल्या तर मुळीच नव्हेत, जुन्या. फ्रान्समध्ये शार्ल पेरोने १६९७ साली छापलेल्या आणि जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२पासून गोळा करून प्रसिद्ध केलेल्या. दोन्ही शेजारी ठेवून सिंड्रेला वाच. भोपळ्याची बग्गी, उंदरांचे घोडे, काचेचा बूट आणि पाठीराखी परी हा सगळा थाट पेरोचा. ग्रिमकडे परी नाहीच. तिथे आईच्या थडग्यावर लावलेलं झाड आहे आणि त्यावर बसणारा पांढरा पक्षी कपडे खाली टाकतो. पेरोची सिंड्रेला बहिणींना माफ करते आणि त्यांचीही लग्नं लावून देते. ग्रिमच्या बहिणींपैकी एक बुटात पाय मावावा म्हणून अंगठा कापते, दुसरी टाच. आणि नंतरच्या आवृत्त्यांत तर लग्नाच्या वऱ्हाडात कबुतरं त्यांचे डोळे टिपतात. नवव्या शतकात चीनमध्ये लिहून ठेवलेल्या एका कथेत परीचं काम माशाची हाडं करतात. १८९३ साली मेरियन रोआल्फ कॉक्स या बाईंनी लंडनमध्ये सिंड्रेला आणि तिच्या चुलत-मावस कथांची ३४५ रूपं एका ग्रंथात मांडली. तीनशे पंचेचाळीस! बेडकाचंही तसंच. ग्रिमची राजकन्या बेडकाचा मुका घेत नाही, त्याला भिंतीवर आपटते. मावशी एकच गोष्ट दर वेळी वेगळी सांगायची आणि आम्ही ‘काल असं नव्हतं’ म्हणून ओरडलो की म्हणायची, काल तुम्ही वेगळे होतात. तेव्हा तो बहाणा वाटायचा.

हे सगळं कशाला वाचायचं? तर प्रॅचेटचं पुस्तक उभंच आहे एका प्रश्नावर: गोष्टीला इतके रस्ते असताना सगळे एकाच रस्त्याने का ढकलले जातात? त्याची कल्पना अशी, की माणसं गोष्टी घडवत नाहीत, गोष्टीच माणसांना घडवतात. जितक्या वेळा एखादी गोष्ट सांगितली जाते, तितकी तिची चाकोरी खोल होते. मग मोलकरणीने राजपुत्राशी लग्न करायलाच हवं, तिसऱ्या मुलाने जिंकायलाच हवं. कुणाची इच्छा असो वा नसो.

आता कथेचा सांगाडा सांगते, शेवट राखून. डेझिडेराटा हॉलो नावाची म्हातारी चेटकीण मरते. ती एका मुलीची पाठीराखी परी होती. जाताना ती आपली जादूची कांडी आपल्या तिघींतल्या एकीला, मॅग्राट गार्लिकला, पाठवते आणि चिठ्ठीत बजावते, की दूरच्या जेनुआ नगरीत एका मोलकरणीचं राजपुत्राशी लग्न ठरलंय, ते मोडायचं. आणि बरोबर त्या दोघींना मुळीच नेऊ नकोस. त्या दोघी म्हणजे ग्रॅनी वेदरवॅक्स आणि नॅनी ऑग. ‘येऊ नका’ म्हटल्यावर दोघीही झाडू घेऊन निघणार, हे मरणाऱ्या बाईला ठाऊक होतं. कामाला लावायची ही युक्ती लक्षात ठेव, सासरी-माहेरी दोन्हीकडे चालते.

म्हणजे बघ, इथे सिंड्रेलाचं लग्न लावायचं नाहीये, रोखायचंय. पुस्तकाची किल्ली ती आहे.

पात्रांच्या बाबतीत माझा सल्ला: मॅग्राटला हसशील, हस, पण तिला भोळसट ठरवून मोकळी होऊ नकोस. ती पुस्तकं वाचून शहाणी झालेली आहे, वनौषधी, ध्यान, स्त्रीशक्ती, सगळं तिच्याकडे छापील आहे. कांडी हलवली की तिच्या हातून एकच गोष्ट होते, समोर असेल त्याचा भोपळा. पेरो वाचला असशील तर त्या भोपळ्यावर दुप्पट हसशील. नॅनी ऑग खाणारी, पिणारी, गाणारी, मुलासुनांच्या गोतावळ्यावर राज्य करणारी. तिचा एकडोळ्या बोका ग्रीबो जगाच्या दृष्टीने राक्षस आणि तिच्या दृष्टीने अजून पिल्लू. घरोघर असा एक तरी लाडोबा असतोच, नावं घेत नाही. आणि ग्रॅनी वेदरवॅक्स. खमकी, फटकळ, अभिमानी. तिच्याकडे जादू भरपूर आहे आणि ती शक्यतो वापरत नाही. ती माणसाच्या डोक्यावर काम करते. समोरच्याला काय वाटतंय हे ओळखलं की निम्मी जादू झालेलीच असते, असा तिचा हिशेब. नदीवरच्या बोटीत जुगारी लोक नॅनीला लुबाडतात, तेव्हा ग्रॅनी भोळ्या म्हातारीचा आव आणून पत्ते खेळायला बसते. तो प्रसंग सावकाश वाच. तिच्या हातात कोणते पत्ते येतात तिकडे बघू नकोस, ती समोरच्याच्या तोंडाकडे कशी बघते ते बघ.

याच ग्रॅनीला विनोद मात्र सांगता येत नाही. एक लहानसा विनोद पुस्तकभर तिच्या मागे लागतो आणि ती दर वेळी नेमका महत्त्वाचा शब्द चुकवून तो सांगते. पहिल्यांदा येईल तेव्हा खूण करून ठेव.

नॅनीची घरी पाठवलेली पत्रं मोठ्याने वाच, मनातल्या मनात वाचू नकोस. तिचं स्पेलिंग भयंकर आहे. ‘बनाना’ लिहायला ती सुरू करते पण थांबायचं कुठे ते तिला कळत नाही. इंग्रजी आपली मायबोली नाही म्हणून आपल्याला हे कळणार नाही, असं काही लोक म्हणतात. उलट, स्पेलिंगचा मार शाळेत ज्यांनी खाल्लाय त्यांनाच ती पत्रं जास्त भावतात. जिथे विनोद लागणार नाही तिथे अडून बसू नकोस, पुढे हो. प्रॅचेट दर पानाला इतके फेकतो की दोन सुटले तरी तिसरा लागतोच.

पुस्तकाचा पूर्वार्ध प्रवासाचा आहे आणि खरं सांगायचं तर तो थोडा सैल आहे. एकेक गाव, एकेक परीकथा, आणि पुढे. बैलांच्या धावण्याचा भाग मला बेताचा वाटतो. परदेशी माणसांशी मोठ्या आवाजात बोललं की त्यांना आपली भाषा कळते, ही नॅनीची समजूत पहिल्यांदा मजेची, चौथ्यांदा नाही. काहींना यात परक्या देशांची चेष्टा दिसते. मला विचारशील तर चेष्टा सहलीला निघालेल्या इंग्रजांची आहे. कंटाळा आला तर रेट, कारण याच भागात लाल टोपीवालीचा लांडगा येतो, आणि तिथे तुझं हसू घशात अडकेल.

त्या लांडग्याबद्दल थोडं. पेरोच्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते, सोडवायला कुणी येत नाही. ग्रिमने शिकारी आणला, लांडग्याचं पोट फाडलं, आजी आणि नात बाहेर. दोन्हीकडे कुणी लांडग्याला विचारत नाही. प्रॅचेट विचारतो. त्याच्या लांडग्याच्या डोक्यात कुणीतरी माणूस भरलाय, गोष्टीला बोलणारा लांडगा हवा म्हणून. त्यामुळे त्याला धड लांडगा होता येत नाही आणि धड माणूस होता येत नाही, आणि त्या प्राण्याला सुटका हवी आहे. ग्रॅनी काय करते ते वाच. आणि जंगलात एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या शेजारी असून तिची वास्तपुस्त न करणाऱ्या लाकूडतोड्यांना ती कसं फैलावर घेते, तेही. या पाच-सहा पानांसाठी मी अख्खं पुस्तक विकत घेतलं असतं.

बाकी ओळखायच्या गोष्टी वाटेवर पडलेल्या सापडतील. आकाशातून एक घर नॅनीच्या डोक्यावर पडतं आणि एक बुटका तिचे लाल बूट मागत येतो. तो ‘विझर्ड ऑफ ऑझ’. १९००च्या मूळ पुस्तकात ते बूट चांदीचे आहेत, लाल झाले ते १९३९च्या चित्रपटात. म्हणजे लोकांच्या मनात कोणती गोष्ट ठसलीय ते बघून प्रॅचेट तीच उचलतो.

जेनुआला पोचलीस की गती बदलेल. हे शहर म्हणजे न्यू ऑर्लिन्सची सावली. मिसिसिपीच्या मुखाजवळ फ्रेंचांनी १७१८ साली वसवलेलं ते गाव, दलदल, मगरी, गम्बो नावाचा दाट रस्सा, आणि उपवासाच्या चाळीस दिवसांपूर्वी होणारा मार्दी ग्राचा धिंगाणा. गोव्यातला इंत्रूज याच पंचांगाचा, लेंट सुरू होण्याआधीचे शेवटचे मोकळे दिवस. पणजीची मिरवणूक पाहिली असशील तर जेनुआतल्या मेजवानीच्या रात्रीचा रंग तुला लगेच कळेल. दलदलीतली मिसेस गोगोल वूडू जाणते, तिच्या रश्शाच्या हंडीत तिला पुढचं दिसतं. तिच्या कोंबड्याचं नाव लेग्बा, तिच्या सोबत्याचं नाव शनिवारवरून आलेलं. ही नावं हैतीच्या वूडूमधल्या देवतांची आहेत, लेग्बा हा वाटा उघडणारा आणि बॅरन सामदी हा मृतांचा धनी. वूडू हा आजही पाळला जाणारा धर्म आहे, सिनेमातल्या सुया टोचलेल्या बाहुलीपुरता नाही, एवढं मनाशी ठेव. बाहुली या पुस्तकातही आहे, आणि ग्रॅनी तिचं जे करते ते वाचताना मी पुस्तक मिटून खोलीभर फिरून आले होते.

आणि आता खलनायिका. लिलिथ. जेनुआवर राज्य तिचं. ती दोन आरशांमध्ये उभी राहून शक्ती ओढून घेते आणि अख्ख्या शहराला परीकथेत बसवते. रस्ते लखलखीत, घरं रंगवलेली, सगळे हसरे. हसायलाच हवं, कारण खेळणी बनवणारा म्हातारा जर शीळ घालत नसेल, मुलांना गोष्टी सांगत नसेल, तर त्याला तुरुंगात टाकतात. खानावळवाला लठ्ठ आणि लालबुंद गालांचा नसणं हा गुन्हा. राजपुत्र मुळात बेडूक. मुलीवर पहारा ठेवणाऱ्या बहिणी मुळात साप. लिलिथला यात काही वावगं दिसत नाही. तिला मनापासून वाटतं की चांगली आपणच, कारण आपण लोकांना गोड शेवट देतो. इथे मावशीचा सर्वात कामाचा मंत्र: गोष्टीत कुणी ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणालं, की त्या माणसाच्या हाताकडे बघ. जेनुआत लिलिथ जिथे जिथे दिसेल तिथे हे करून पाहा. ती कधीही क्रूर चेहऱ्याने येत नाही. आपल्याकडच्या बालनाट्यांतली चेटकीण, ‘अलबत्या गलबत्या’तली म्हण, विगवरून आणि नाकावरून लांबूनच ओळखू येते, पोरं ओरडून अलबत्याला सावध करतात. लिलिथला बघून कुणी ओरडणार नाही. तीच खरी पंचाईत.

ही लिलिथ ग्रॅनीची कोण, हे पुस्तक फार वेळ लपवून ठेवत नाही. थोरली बहीण. तरुणपणीच घर सोडून गेलेली. ती वाईट निघाली म्हणून धाकटीच्या वाट्याला चांगलं राहणं आलं, आणि धाकटीचा राग त्याचाच आहे! चांगुलपणा तिने निवडलेला नाही, तो तिच्या गळ्यात पडला, आणि पडल्यावर तिने तो दातओठ खात निभावला. दोन बहिणींमधलं हे भांडण तू नीट वाच. घर सांभाळत मागे राहिलेल्या बायका आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण त्यांच्या रागाला इतकी जागा देणारं विनोदी पुस्तक मला तरी दुसरं आठवत नाही. शेवटचा प्रसंग आरशांचा आहे. दोघींपुढे एकच प्रश्न येतो आणि ग्रॅनी उत्तर द्यायला क्षणभरही घेत नाही. तिथे तळटीप, विनोद काही नाही. वेगाने वाचून जाऊ नकोस.

लेखकाबद्दल फार शोधाशोध करायची गरज नाही, पण एवढं उपयोगी पडेल. १९४८चा जन्म. सतराव्या वर्षी शाळा सोडून तो ‘बक्स फ्री प्रेस’ या स्थानिक वर्तमानपत्रात लागला. पुढे १९८० ते १९८७ वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी होता, अणुवीज केंद्रांच्या बाजूला. आदल्याच वर्षी अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात झालेला. ‘सगळं ठीक आहे’ हे वाक्य लोकांना कसं ऐकू जातं, हे त्याने नोकरीत पाहिलं असणार. जेनुआतला तो सक्तीचा आनंद कुठून आला असेल याचा माझा अंदाज मी इथेच सांगून टाकते. तुझा वेगळा असू दे. २००७मध्ये त्याने आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचं जाहीर केलं, त्यानंतरही लिहीत राहिला, २००९मध्ये सर झाला आणि २०१५च्या मार्चमध्ये गेला.

पुस्तक संपलं की लहान मुलांना गोष्ट सांगून बघ. तुझ्या पुतण्यालाच सांग. हिमगौरी सांग किंवा श्रावणातली आवडती-नावडती राणी सांग, आणि मध्येच थांबून विचार, ‘हिला हेच हवं होतं का?’ मुलं लगेच उत्तर देतात, आणि बहुतेकदा गोष्ट तिथून भलतीकडेच जाते. जाऊ दे. शेवटाला नेऊन पोचवायची घाई मोठ्यांनाच असते.

यानंतर काय, असं विचारशीलच. १९९२चं ‘लॉर्ड्‌स अँड लेडीज’ लगेच घे, ती कथा जेनुआहून घरी परतलेल्या तिघींपासूनच सुरू होते. मग १९९५चं ‘मास्करेड’, संगीतनाट्याच्या पडद्यामागचं. मग १९९८चं ‘कार्पे जुगुलम’, ज्यात ग्रॅनी तिच्या सगळ्यात अवघड जागी सापडते. त्यानंतर टिफनी एकिंगची पुस्तकं, ‘द वी फ्री मेन’पासून. ‘द शेपर्ड्‌स क्राउन’ मात्र सर्वात शेवटी ठेव आणि तोवर कुणाला त्यातलं काही सांगू देऊ नकोस. मलासुद्धा नाही.